सगळ्यांचे अंगठे आले

कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी कोणी उगवत्या सूर्याचं चित्र टाकलं, की आमचे घरमालक पायात बूट चढवायचे. ज्यानं चित्र टाकलं त्याच्या फाटकाशी जाऊन उभे राहायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, “हाव, सुप्रभात. बोला.”

समोरच्याच्या तोंडात ब्रश असायचा. “काही नाही, बाबूजी. सहज टाकलं होतं.”

“सहज? मंग बलावलं कायले?”

आणि मग आलेच आहेत म्हणून चहा.

आमगावात सगळे त्यांना बाबूजी म्हणत. आम्ही त्यांच्या घरात खाली भाड्यानं राहतो, वर ते एकटे राहायचे. मालगाडीचे गार्ड म्हणून निवृत्त झालेले. पांढरा, पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं. पायात काळे बूट. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत रस्त्यावर घोटाभर चिखल असला तरी बूटच. शर्टाच्या आत दोरीला अडकवलेली गार्डची शिटी. फोन रायपूरच्या मुलानं घेऊन दिलेला, तो रुमालात गुंडाळून खिशात. मेसेज वाचायचे तो हात लांब करून, एकेक शब्द सुटा सुटा, जिन्यावरून खालपर्यंत ऐकू येईल असा. लिहायचे मात्र कधीच नाहीत.

मला कामं नीट लावून द्यायला आवडतात. मी कॉलेजच्या ऑफिसात काम करते, घरी फ्रीजवर यादी असते, आणि कॉलनीच्या ग्रुपची अॅडमिनही मीच. एकदा मी त्यांना बसवून समजावलं की प्रत्येक मेसेजला उठून जायचं नसतं. इथं दाबायचं, अंगठा येतो, झालं.

त्यांनी माझा फोन हातात घेतला, अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बाई, मी सारी नोकरी शेवटच्या डब्यात काढली. एकटा. बोलाले कोणी नाही. पण गेट आलं का गेटवाला हिरवी झेंडी दाखवाचा, अन् मी हिरवी झेंडी दाखवाचा. त्याची दिसली अन् माझी नाही गेली, तं तो का समजन? गार्ड झोपला, नाही तं खाली पडला. मेसेज म्हणजे झेंडी. परत द्यावंच लागते.”

“म्हणून तर अंगठा द्या म्हणते.”

“अंगठा?” त्यांनी स्वतःचा अंगठा माझ्या नाकासमोर हलवला. “हे का असते तुले माहीत नाही? पोट्टे चिडवतात असं एकमेकायले. अंगठा दाखवला म्हणजे काही नाही भेटणार, जा घरी.”

मी हसले आणि फोन परत घेतला. बाबूजींशी वाद घालायला वेळ काढावा लागे आणि तो माझ्याकडे नसे.

त्यांचा त्रास खरा होता, हेही सांगते. एकदा कॉलनीतल्या मेश्रामबाईंनी ग्रुपवर काहीतरी टाकलं आणि लगेच काढून टाकलं. ‘हा मेसेज हटवण्यात आला’ एवढंच उरलं. थोड्या वेळात बाबूजी त्यांच्या अंगणात.

“का बोलून गिळलंस वो?”

“काही नाही, बाबूजी. बहिणीला लिहित होती, चुकून इकडं आलं.”

“का होतं पण?”

मेश्रामबाईंच्या सासूबाई तिथंच तांदूळ निवडत बसलेल्या. त्यांनीही सूप खाली ठेवलं. “हाव, सांग न. मलेही ऐकू दे.” त्या दिवशी मेश्रामबाई मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही अॅडमिन आहात नं? या माणसाला आवरा.”

दुसरी गोष्ट गोंदियाच्या दवाखान्यातली. कॉलनीतल्या एका काकांना भरती केलं होतं. ग्रुपवर हात जोडलेल्यांची रांग लागली. बाबूजींनी त्या हातांची चित्रं पाहिली, डबा भरला आणि गाडी पकडली. काकांचं ऑपरेशन होतं, डॉक्टरांनी उपाशी ठेवलेलं. बाबूजींनी वॉर्डात बसून वांग्याच्या भाजीचा डबा उघडला. काका खायला उठून बसले. नर्सनं आरडाओरडा केला. परत आल्यावर बाबूजी तक्रार मलाच करत होते, “एवढे लोकं हात जोडून राहिले होते, एकानंही नाही लिहिलं का पेशंट उपाशी आहे म्हणून.”

हळूहळू लोक शिकले. बाबूजी ऑनलाइन दिसले की काही टाकायचं नाही. वाढदिवस असला तर नवरा-बायको एकमेकांना बजावत, ग्रुपवर नको. बाबूजी बसले की बसत. पडदे का बदलले, फ्रीज एवढा मोठा कशाला, सगळं विचारत. उठताना मात्र झटक्यात उठत, “चला, लाइन क्लियर,” असं गाडी सुटताना म्हणावं तसं म्हणत आणि जात. आमच्याकडे पाहुणे असले की मला त्यांच्या बुटांचा जिन्यावरचा आवाज नकोसा व्हायचा. मी आतली कडी लावून घ्यायची.

मग मोनालीचं, माझ्या मुलीचं, जमलं. मुलगा सौंदडचा, घरी धानाची शेती, स्वतः नागपुरात नोकरीला. साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आमच्याकडे करायचं ठरलं. मी नेहमीप्रमाणे कामं वाटली. हॉल, आचारी, फुलं, फोटो. निमंत्रणाचं कार्ड मोनालीनंच फोनवर बनवलं. उघडलं की सनई वाजायची, दोघांचे फोटो दोन बाजूंनी येऊन मध्ये थांबायचे आणि खाली अक्षरं उमटायची, ‘सहकुटुंब यावे. हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.’ मी ते कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं, ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. चहा गाळून होईपर्यंत अंगठे यायला लागले. रात्रीपर्यंत जवळजवळ सगळ्यांचे आले. मी त्या अंगठ्यांवरून आचाऱ्याला जेवणाचा अंदाज दिला. यादी पूर्ण झाली याचं मला समाधान वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट वाजले. कडी लावायची राहून गेली होती.

“बाई, झेंडी भेटली. मस्त आहे. सनई वाजते. पण घरचा एक का चूलबंद?”

आमच्याकडे निमंत्रण दोन प्रकारचं. घरचा एक म्हणजे घरातून एकानं यायचं. चूलबंद म्हणजे सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी त्या घरची चूल पेटवायचीच नाही. निमंत्रण घेऊन येणारा दारात हळदीचे तांदूळ देतो आणि तोंडानं सांगतो, कोणतं ते. लोक एकमेकांना ‘बोलावलं का’ असं विचारत नाहीत, ‘तांदूळ आले का’ असं विचारतात.

“बाबूजी, खाली लिहिलंय ना. सहकुटुंब.”

“लिहिलं आहे. बोलली कुठं तू?” त्यांनी फोन लांब धरून वाचलं. “‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.’ म्हणजे आम्हीच समजाचं, अन् आग्रहही आम्हीच कराचा? तांदूळ कुठं आहेत?”

“आता कोण तांदूळ घेऊन फिरतं? आणि सगळ्यांचे अंगठे आलेत. हे पाहा.”

“सगळ्यायनं अंगठा दाखवला,” ते म्हणाले, “अन् तू खूश होऊन राहिली?”

“बाबूजी, मला ऑफिसला उशीर होतोय.”

“तांदूळ दे. मी फिरतो. मले का काम आहे?”

मी नको म्हटलं. ते प्रत्येक घरी बसतील, मुलाकडच्यांनी काय विचारलं, कोणी किती साड्या घेतल्या, सगळं सांगत सुटतील, असं माझ्या डोळ्यांपुढे आलं. “सगळं झालंय,” मी म्हटलं. “तुम्ही फक्त वेळेवर या.”

“लाइन क्लियर,” ते म्हणाले. पण या वेळी उठायला त्यांनी वेळ लावला.

साक्षगंधाच्या दिवशी मुलाकडची मंडळी वेळेआधी आली. सौंदडहून मिनीबस भरून. म्हातारी माणसं, कडेवर लेकरं, नव्या साड्यांच्या घड्या अजून न मोडलेल्या. कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये पांढऱ्या खोळी घातलेल्या खुर्च्या दोन भागांत मांडलेल्या, मधून लाल पट्टी. उजवीकडचा भाग भरला. डावीकडे माझा भाऊ आणि भावजय, माझे दीर, आमच्या ह्यांच्या ऑफिसातले दोन जण. बाकी पांढऱ्या खोळी.

मी म्हटलं, येतील. आपल्याकडे सगळे उशिराच येतात.

माझा फोन सारखा थरथरत होता. ‘अभिनंदन.’ ‘नांदा सौख्यभरे.’ दोन घरं सोडून राहणाऱ्या मेश्रामबाईंनी गुलाबांचा गुच्छ पाठवला. गुच्छ फोनवर आला. त्यापाठोपाठ ऑफिसातून केक, फुगे, टाळ्या. मी एकेक उघडत दाराकडे बघत होते. दारात आचाऱ्याचा माणूस उभा होता. तो विचारत होता, पुऱ्या तळायला घेऊ का.

मुलाची आत्या माझ्याजवळ आली. चांगल्या मनानंच विचारलं तिनं, पण आवाज मोठा. “तुमच्याकडचे पाहुणे येऊन राहिले नं अजून? का एवढेच?”

“येतायत,” मी म्हटलं.

“का आहे, आमचे म्हातारे विचारून राहिले. मुलीकडच्यायचं गावात कोणाशी वाकडं आहे का म्हणून.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली. मोनाली आतल्या खोलीच्या दारातून डोकावत होती, कपाळावर मुंडावळ्यांसारखं काहीतरी पार्लरवालीनं बांधलेलं. तिनं डावीकडच्या खुर्च्या पाहिल्या. मग ती माझ्या हातातल्या फोनकडे पाहत म्हणाली, “आई, तो ठेव आता.” लहानपणी शाळेच्या कार्यक्रमात मी उशिरा पोचले की तिचा चेहरा असाच व्हायचा. मुलाच्या आईनं दोन खुर्च्यांवर पसरून ठेवलेल्या पिशव्या उचलून मांडीवर घेतल्या. माणसं येतील, जागा असावी म्हणून. तिचा तो समजूतदारपणा मला सगळ्यात जड गेला. त्या घरात माझी मुलगी जाणार होती, आणि त्या घरातल्या प्रत्येकाच्या लक्षात हे राहणार होतं की हिच्या आईबापाच्या दारी माणूस फिरकत नाही.

तेव्हा बूट वाजले.

बाबूजी दारात थांबले. पांढरा शर्ट, त्याला आज इस्त्रीही. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. सरळ मागे आचाऱ्याकडे गेले. मी त्यांच्यामागे गेले तोवर त्यांनी पोत्यातून ओंजळभर तांदूळ फोनच्या रुमालात घेतले होते आणि आचाऱ्याच्या डब्यातली हळद त्यावर टाकून बोटांनी चोळत होते.

“बाबूजी, राहू द्या. आता कोणाला बोलवायला जाणं म्हणजे… लाज वाटते.”

“लाज आता उरली कुठं?” ते म्हणाले आणि निघाले.

मी हॉलच्या पायरीवर उभी राहिले. पुढच्या गल्लीत शिटी वाजली. मालगाडी सुटताना वाजते तशी, लांब. मग त्यांचा आवाज, “चूलबंद आहे वो! गॅस बंद करा न चला!” पुन्हा शिटी, पुढचं दार. “तांदूळ घ्या. हाव, आत्ताच. कपडे कायले बदलता, तुमचं थोडीच साक्षगंध आहे!” आत बसलेल्यांनाही ऐकू जात होतं. उजवीकडची सगळी माणसं खिडक्यांकडे वळून बसली. म्हातारे हसू लागले. मला पायरीवरून आत जाववेना आणि बाहेरही कुठे जाता येईना.

लोक आले. घरच्या साड्यांत आले, हातातलं काम टाकून आले. एकीच्या मनगटाला कणीक तशीच होती. काकांनी, ज्यांचं ऑपरेशन झालं होतं त्यांनी, लुंगीवर शर्ट चढवलेला. मेश्रामबाई सासूबाईंना हाताला धरून आल्या, केस ओले. माझ्याजवळ येऊन, मुलाच्या आईसमोरच म्हणाल्या, “ताई, आम्हाला वाटलं घरच्या घरीच असन. तांदूळ नाही, तोंडी सांगणं नाही. कार्ड तं सगळ्या ग्रुपवर फिरून राहिलं होतं. म्हटलं माहितीसाठी टाकलं. मंग म्हटलं, आपणही अंगठा देऊन टाकू.”

त्यांच्या सासूबाई पुढे म्हणाल्या, “बिनबोलावता जाऊन जेवलो तं लोकं का म्हणतीन, सांग.”

मी “हो, हो,” म्हणत होते. माझे दोन्ही कान तापले होते. मुलाच्या आईनं मांडीवरच्या पिशव्या खाली ठेवल्या.

डावीकडच्या खुर्च्या भरल्या. मागे उभंही राहावं लागलं. साक्षगंध झालं, उशिरा झालं. पंगत बसली तेव्हा मुलाचे वडील माझ्याजवळ आले. साधा शेतकरी माणूस, खांद्यावर दुपट्टा. मला धीर द्यायलाच म्हणाले, “लोकं चांगली आहेत तुमची, बाई. बलावली तं आली.”

मी मान हलवली. त्यांना पंगतीत नेऊन बसवलं.

बाबूजी शेवटच्या पंगतीत जेवले. बुंदीत तेल जास्त आहे असं आचाऱ्याला सुनावलं.

दुसऱ्या दिवशी उठल्यावर मी पहिलं काम केलं ते ग्रुपवर लिहिण्याचं, ‘काल आलेल्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.’ लिहून झाल्यावर चहा ठेवला. दूध उतू जाण्याआधी जिना वाजला.

“आभार भेटले,” बाबूजी दारात म्हणाले. “घेतले. बोल.”

मी चहा पुढे केला. मला त्यांच्याकडे बघता येईना. मी बशीकडे बघत बसले. ते चहा प्यायले, पडदे धुवायला हवेत म्हणाले आणि ‘लाइन क्लियर’ म्हणून गेले. कालच्याबद्दल अक्षर नाही. ते काही बोलले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर उन्हाळ्यात मुलानं त्यांना रायपूरला नेलं. गुडघे गेले होते, जिना होईना. वरची खोली बंद झाली. कॉलनीत सकाळचे सूर्य पुन्हा निर्धास्त उगवू लागले. बाबूजी ग्रुपमध्ये तसेच राहिले. मी काही टाकलं की ज्यांनी वाचलं त्यांच्यात त्यांचं नाव दिसायचं. उत्तर अर्थातच नसायचं.

आता मोनालीचं लग्न आलंय. या वेळी मी कार्ड पाठवलं नाही. हळदीच्या तांदळांची पिशवी घेऊन मी आणि मेश्रामबाई गल्लीगल्लीनं फिरलो. प्रत्येक दारात थांबून मी म्हटलं, “चूलबंद आहे हो.” पहिल्या चार-पाच दारांत मी ते नुसतं पुटपुटले. लोक हसून म्हणत, “या वेळी शिटी नाही आणली का?” मीही हसले. सगळी घरं झाली. राहिलं एक रायपूर. कॉलेजच्या परीक्षा चालू होत्या, रविवारी कपड्यांची खरेदी होती, आणि रायपूर या आठवड्यातून त्या आठवड्यात सरकत गेलं. शेवटी एका दुपारी मी ऑफिसातूनच त्यांना मेसेज केला. ‘बाबूजी, लग्नाचे तांदूळ घेऊन मी स्वतः रायपूरला येते आहे. तब्येतीची काळजी घ्या.’ दोन्ही खुणा लगेच निळ्या झाल्या. मला वाटलं, निदान कळवलं तरी.

परवा सकाळी बेल वाजली. गॅसवर भाजी होती. दार उघडलं तर बाबूजी. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, हातात काठी आणि एक पिशवी. स्वतःच्याच घराची बेल वाजवून उभे.

“मेसेज आला होता तुझा,” ते म्हणाले. “म्हटलं, झेंडी परत देऊन येतो.”

“बाबूजी, मी येणार होते.”

“हाव, वाचलं नं. म्हणून तं आलो.” ते आत येऊन खुर्चीवर टेकले, गुडघा धरून. “मुलगा आत्ता ऑफिसात असन. त्याले सांगितलं नाही. तू सांगून दे.”

मी पाणी दिलं. तिकडे कसं चाललंय विचारलं.

“नववा माळा आहे. कोणाच्या दारी गेलो तं खालचा गेटवाला आधी त्याच्या फोनवर विचारते, हा माणूस आला आहे, वर पाठवू का. तो माणूस घरात असते, पण फोन पाहत नाही. मी खाली उभा. पोरगा म्हणे, बाबूजी, फोन करून जात जा. मंग मी आमगावचा ग्रुप वाचत बसतो.” त्यांनी पाणी संपवलं. “सगळ्यायच्या झेंड्या दिसतात. गाडी थांबत नाही.”

ते खोलीभर पाहत होते. पडदे तेच होते.

“बोल मंग,” ते म्हणाले. “घरचा एक का चूलबंद?”

मी स्वयंपाकघरात गेले. हळद लावलेले तांदूळ संपले होते. त्यांच्यासाठी वेगळे ठेवायचे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डब्यातून मूठभर तांदूळ घेतले, हळद टाकली, घाईत पाणी जास्त झालं. तसेच ओले तांदूळ घेऊन बाहेर आले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले. पिवळं पाणी त्यांच्या मनगटापर्यंत ओघळलं, पांढऱ्या बाहीला लागलं.

त्यांनी ते पाहिलं. तांदूळ आताच कालवलेत हे आंधळ्यालाही कळलं असतं.

“चूलबंद,” मी म्हटलं.

“मोठ्यानं बोल. गाडी लांब असते.”

“चूलबंद आहे, बाबूजी.”

“हाव. येतो,” ते म्हणाले. तांदूळ डाव्या मुठीत घेऊन त्यांनी उजवा पंजा वर उचलला, पिवळा, बोटं ताठ, आणि तसाच धरून ठेवला. मला कळायला क्षण लागला. मग मीही माझा पिवळा हात वर केला.

“हिरवी पाहिजे होती,” ते म्हणाले. “पिवळी म्हणजे जपून चाल. भाजी जळून राहिली तुझी.”

मी खाली पाहिलं. त्यांच्या काळ्या बुटांवर स्टेशनपासूनची धूळ होती.